परवडणारी मनगटी घड्याळे : निवड, संग्रह आणि निगा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परवडणारे घड्याळ नेमके कशाला म्हणावे?

आकडा सांगण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकाच्या खिशाचे माप वेगळे असते. जे घड्याळ हरवले, आपटले किंवा पाणी जाऊन बंद पडले तर वाईट वाटेल, पण महिन्याचे गणित कोलमडणार नाही, ते परवडणारे, एवढी व्याख्या इथे पुरेशी आहे. या वर्गातील प्रत्येक घड्याळात निर्मात्याने कुठे ना कुठे हात आखडता घेतलेला असतो. कुणी काचेवर वाचवतो, कुणी यंत्रणेवर, कुणी पट्ट्यावर, तर कुणी या सगळ्यांवर वाचवून जाहिरातीवर उधळतो. त्यामुळे ‘सर्वांत चांगले स्वस्त घड्याळ कोणते’ या प्रश्नाला नेमके उत्तर नसते. ‘या घड्याळात काटकसर कुठे केली आहे, आणि ती मला चालणार आहे का’ हे मात्र प्रत्येक वेळी तपासता येते, आणि खालील बहुतेक उत्तरे त्याच तपासणीविषयी आहेत.

सेलवर चालणारे क्वार्ट्झ घ्यावे की ऑटोमॅटिक?

वेळ अचूक हवी असेल, घड्याळाकडे फार लक्ष द्यायचे नसेल आणि एकच घड्याळ वापरायचे असेल, तर क्वार्ट्झ घ्यावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. क्वार्ट्झ घड्याळात गारगोटीच्या स्फटिकाचा एक इवलासा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे दोनचा पंधरावा घात, त्यामुळे साध्या परिपथाने ती पंधरा वेळा निम्मी करत गेले की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो आणि त्या ठोक्यावर सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. सेइकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे विक्रीस आलेले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. पुढे तेच तंत्र इतके स्वस्त झाले की आज अगदी साध्या क्वार्ट्झ घड्याळाची चूकही महिन्याला साधारण १५ ते २० सेकंदांच्या आतच राहते. कितीही महागडे यांत्रिक घड्याळ घेतले तरी ही अचूकता त्याला सहसा गाठता येत नाही.

ऑटोमॅटिक घड्याळ घ्यायचे ते वेगळ्या कारणासाठी. त्यात सेल नसतो. मनगटाच्या हालचालीने आतला अर्धवर्तुळाकार रोटर फिरतो, मुख्य स्प्रिंगला चावी बसते आणि दातेरी चाकांच्या मालिकेतून ती शक्ती थेंबाथेंबाने सोडली जाते. हे सगळे मागच्या काचेतून पाहताना ज्याला आनंद होतो त्याने ऑटोमॅटिक जरूर घ्यावे. ज्याला होत नाही त्याने केवळ ‘खरे घड्याळ हेच’ असे कुणी म्हटले म्हणून घेऊ नये.

माझे ऑटोमॅटिक रोज दहा-पंधरा सेकंद पुढे जाते. ते बिघडले आहे का?

नाही. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यांतले १५ चुकले म्हणजे चूक पाव टक्काही नव्हे, टक्क्याच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी झाली. स्वस्त ऑटोमॅटिक घड्याळांत सर्रास आढळणाऱ्या ‘एनएच३५’ या यंत्रणेसाठी निर्मात्यानेच दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी मुभा ठेवलेली आहे, आणि मियोटा या जपानी निर्मात्याच्या ‘८२१५’ यंत्रणेचीही मर्यादा तीच आहे. तुलनेसाठी सांगायचे तर स्वित्झर्लंडच्या ‘सीओएससी’ या संस्थेचे क्रोनोमीटर, म्हणजे विशेष अचूक घड्याळ, असे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी यंत्रणेची १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत परीक्षा होते आणि तिथे सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढेच खपवून घेतले जाते. त्या प्रमाणपत्राची किंमत अर्थातच ग्राहकाच्या माथी येते.

घड्याळ रात्री कोणत्या स्थितीत ठेवले यावरही त्याची चाल बदलते. तबकडी वर करून ठेवल्यास ते पुढे जात असेल, तर चावी (कडेची फिरवायची गुंडी) खाली किंवा वर करून कडेवर उभे ठेवून पाहावे; पुष्कळदा दिवसभराची चूक रात्री आपोआप भरून निघते. आठवडाभर रोज एकाच वेळी चूक लिहून ठेवली की आपल्या घड्याळाचा स्वभाव कळतो. (हा उद्योग इतरांना वेडेपणाचा वाटतो याची कल्पना असावी.)

मात्र घड्याळ एकाएकी रोज काही मिनिटे पुढे पळू लागले, तर बहुधा त्याला चुंबकत्वाची बाधा झालेली असते. हेअरस्प्रिंग या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि तिच्या जोरावर झुलून वेळ मोजणारे बॅलन्स व्हील भरभर झुलू लागते. साध्या होकायंत्राजवळ घड्याळ नेल्यावर सुई हलली, तर संशयाला बळकटी मिळते. चुंबकत्व काढण्याचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते, आणि घड्याळजीकडे हे काम दोन मिनिटांचे असते. स्पीकर, टॅबलेटची चुंबकी आवरणे आणि पिशव्यांच्या चुंबकी कड्या हे नेहमीचे गुन्हेगार आहेत.

कोणत्या ऑटोमॅटिक यंत्रणा भरवशाच्या मानाव्यात?

सेइकोची ‘७एस२६’ ही १९९६ पासूनची यंत्रणा अत्यंत दणकट आहे, पण तिला हाताने चावी देता येत नाही आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही. तिच्यानंतर आलेली ‘एनएच३५’ या दोन्ही उणिवा दूर करते. तिचा वेग तासाला २१,६०० ठोके असून पूर्ण चावी भरल्यावर ती सुमारे ४१ तास चालते. अनेक लहान निर्माते हीच यंत्रणा विकत घेऊन आपापल्या केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात, बसवतात, त्यामुळे वेगवेगळ्या नावांची पाच घड्याळे आतून एकच असू शकतात. सिटिझनच्या समूहातील मियोटाची ‘८२१५’ तितकीच टिकाऊ आहे. तिचा रोटर एकाच दिशेने चावी भरतो, त्यामुळे उलट दिशेला तो मोकळा गरगरतो आणि त्याची घरघर मनगटावर जाणवते, हा दोष नव्हे. मियोटाची ‘९०१५’ अवघी ३.९ मिलिमीटर जाड असून तासाला २८,८०० ठोक्यांनी चालते, म्हणून तिचा सेकंदकाटा अधिक सुळसुळीत फिरतो आणि घड्याळही चपटे राहते, पण तिच्यासाठी पैसेही जास्त मोजावे लागतात. ओरिएंट स्वतःच्या यंत्रणा बनवते, आणि त्यांतील अलीकडच्या बहुतेकांना हाताने चावी देता येते.

थोडे वेगळे काही हवे असेल तर रशियन ‘वोस्टोक अँफिबिया’ पाहावे. १९६७ मध्ये आलेल्या या पाणबुड्या घड्याळाच्या मागील झाकणाची रचना अशी आहे की बाहेरच्या पाण्याचा दाब वाढेल तसे झाकण रबरी कडीवर अधिक घट्ट बसत जाते. त्याची चावी उघडल्यावर डुगडुगते आणि नवखा माणूस ती तुटली असे समजून घाबरतो. ती मुद्दाम तशी बनवलेली आहे. हाताने चावी द्यायच्या क्रोनोग्राफची, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळाची, हौस स्वस्तात भागवायची असेल तर चिनी सी-गलच्या ‘एसटी१९’ या यंत्रणेला पर्याय जवळपास नाही. तिचे मूळ ‘व्हीनस १७५’ या स्विस यंत्रणेत आहे. दिसायला देखणी असली तरी ती नाजूक आहे आणि दर्जात उन्नीस-बीस आढळतो, हे ध्यानात ठेवूनच तिच्या वाटेला जावे.

जास्त ज्वेल म्हणजे जास्त चांगले घड्याळ का?

नाही. ज्वेल म्हणजे चाकांचे आस जिथे फिरतात तिथे घर्षण कमी करण्यासाठी बसवलेले कृत्रिम माणिक. साध्या तीन काट्यांच्या चावीच्या घड्याळाला १७ पुरतात, ऑटोमॅटिकला काही अधिक लागतात. तबकडीवर मोठा आकडा छापणे हा विक्रीचा जुना डाव आहे.

सौर घड्याळांचा अनुभव कसा असतो?

निगा कमीत कमी हवी असेल तर माझी पहिली शिफारस हीच असते. तबकडी प्रकाश आत सोडते, तिच्याखालचा सौर घट एका पुनर्भारित होणाऱ्या सेलला भरत राहतो, आणि सूर्यप्रकाशच नव्हे तर घरातील दिव्याचा उजेडही त्याला थोडाफार चालतो. सिटिझनची ‘इको-ड्राइव्ह’ आणि कॅसिओची ‘टफ सोलर’ ही यांतली सर्वपरिचित नावे. मात्र असे घड्याळ अंधाऱ्या कपाटात वर्षानुवर्षे ठेवू नये; महिन्यातून एखादा दिवस खिडकीत ठेवावे, पण तापत्या दिव्याखाली नको. त्यातला सेल बदलण्याची वेळ आलीच तर निर्मात्याने सांगितलेलाच घालावा, साधा सेल कधीही नाही.

आकार कसा ठरवावा?

घोटाळे सर्वाधिक इथेच होतात, कारण जाहिरातीत फक्त केसचा व्यास दिलेला असतो आणि मनगटावर घड्याळ कसे बसेल हे मुख्यतः दुसऱ्याच मापावर ठरते. ते माप म्हणजे एका बाजूच्या लगच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी. लग म्हणजे पट्टा अडकवण्यासाठी केसला काढलेले चार पाय. ही लांबी मनगटाच्या वरच्या सपाट भागाच्या रुंदीपेक्षा जास्त झाली, की पाय दोन्हीकडे बाहेर डोकावतात, पट्टा सरळ खाली लोंबतो आणि घड्याळ उसने आणल्यासारखे दिसते. सेइकोचे ‘एसकेएक्स००७’ हे याचे उत्तम उदाहरण आहे: व्यास सुमारे ४२ मिलिमीटर, म्हणजे कागदावर मोठे, पण लगांची लांबी अवघी ४६ मिलिमीटर आणि पायही खाली वळलेले, त्यामुळे बारीक मनगटालाही ते शोभते. याउलट ४० मिलिमीटरचे, लांब सरळ पायांचे एखादे ‘मध्यम’ घड्याळ त्याच मनगटावर अवजड वाटते.

खरेदीपूर्वी जाड कागदाची त्या लांबीची पट्टी कापून मनगटावर ठेवून पाहावी. जाडीही बघावी, १३ मिलिमीटरच्या पुढचे घड्याळ सदऱ्याच्या बाहीत अडकते. बारीक कडेचे, पांढऱ्या तबकडीचे घड्याळ त्याच मापाच्या काळ्या, काचेभोवती फिरते कडे असलेल्या घड्याळापेक्षा मोठे दिसते. आणि फोनने जवळून काढलेल्या छायाचित्रावर विश्वास ठेवू नये, कारण भिंगाच्या जवळ असलेली वस्तू त्यात फुगून दिसते. हात खाली सोडून आरशात पाहिले तर लोकांना घड्याळ जसे दिसते तसे आपल्यालाही दिसते.

लगांमधील अंतर म्हणजे पट्ट्याची रुंदी. ती १८, २० किंवा २२ मिलिमीटर अशी सम असेल तर पट्टे सहज मिळतात. संग्रह करण्याचा विचार असेल तर शक्यतो एकाच रुंदीची घड्याळे घेतलेली बरी, म्हणजे चार पट्ट्यांत आठ घड्याळांचे रूप पालटता येते.

काच कोणती असावी?

प्लास्टिकची अ‍ॅक्रिलिक काच लवकर ओरखडते, पण सहसा फुटत नाही आणि ओरखडे पॉलिशच्या मलमाने घरीच घासून काढता येतात. मिनरल काच त्याहून कठीण असली तरी तिच्यावरचे ओरखडे निघत नाहीत; काच बदलावी लागते. सॅफायर, म्हणजे कृत्रिम नीलमण्याची काच, कठीणपणाच्या मोह्स मापनावर ९ एवढी कठीण असते. रोजच्या धुळीतील वाळूचे कण सातच्या आसपास असल्यामुळे ते मिनरलला ओरबाडतात आणि सॅफायरचे काही बिघडवू शकत नाहीत. मात्र सॅफायर कठीण आहे म्हणून चिवट आहे असे नाही. फरशीवर नेमके कडेवर आपटले तर तिचा चुरा होऊ शकतो, आणि चकाकीरोधक लेप नसेल तर ती आरशासारखी चमकते. स्वस्त घड्याळात सॅफायर मिळत असेल तर आनंदच आहे, पण त्यासाठी यंत्रणेत किंवा पट्ट्यात कुठे काटछाट केली आहे ते आधी पाहावे. जुन्या धाटणीच्या घड्याळाला मला तरी घुमटाकार अ‍ॅक्रिलिकच शोभून दिसते.

‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट’ असे लिहिले आहे, तर ते घालून पोहता येईल का?

येणार नाही. हा आकडा खोलीचा परवाना नव्हे. नव्या घड्याळावर प्रयोगशाळेत दिलेला स्थिर दाब त्यातून सांगितलेला असतो, आणि हात पाण्यावर आपटणे, नळाची धार, रबरी कडीचे वय या गोष्टी त्या चाचणीत फारशा नसतात. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे आणि पाऊस. ५० मीटरवर भांडी घासणे ठीक, पोहणे टाळलेले बरे. १०० मीटरवर पोहायला हरकत नाही. आणि पाण्याशी नेहमीचा संबंध असेल तर २०० मीटर व स्क्रूने बंद होणारी चावी असावी. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी ‘आयएसओ ६४२५’ हे वेगळे मानक आहे, त्यात छापील दाबाच्या सव्वापट दाबावर चाचणी करावी लागते. तबकडीभोवती फिरते कडे असले म्हणजे घड्याळ या मानकाचे झाले असे मात्र नाही.

गरम पाण्याची आंघोळ, वाफ आणि साबण यांपासून सर्वच घड्याळे दूर ठेवावीत, कारण उष्णतेने धातू आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि साबण रबराला कोरडे करतो. पाण्यात बटणे दाबू नयेत. समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे. सेल बदलण्यासाठी झाकण एकदा उघडले की जुना आकडा विसरावा. रबरी कडी बदलून दाबाची चाचणी केली तरच तो पुन्हा खरा मानता येतो.

माझे एक १०० मीटरचे घड्याळ याहूनही क्षुल्लक कारणाने गेले: तारीख लावण्यासाठी बाहेर ओढलेली चावी आत दाबायची राहिली आणि त्याच हाताने मी बादलीत कपडे बुडवले. काचेखाली धुके धरले, दोन दिवसांत सरले, आणि महिन्याभराने काट्यांना गंज आला. धुके दिसले की ते सुकण्याची वाट न पाहता घड्याळ त्याच दिवशी उघडून कोरडे करून घ्यावे.

केसचा धातू महत्त्वाचा असतो का?

रोजच्या वापरासाठी ‘३१६एल’ हे न गंजणारे पोलाद सर्वांत बिनघोर. टायटॅनियम बरेच हलके असते, पण साध्या टायटॅनियमवर ओरखडे लवकर उमटतात. मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ शब्दशः घ्यावा: पोलादी आहे ते फक्त झाकण, उरलेली केस मुलामा दिलेल्या साध्या धातूची असू शकते, आणि घामाने तो मुलामा लगांच्या आतल्या बाजूने उडू लागतो. निकेलमुळे कातडीला खाज येणाऱ्यांनी हे विशेष जपावे.

‘स्विस मेड’ आणि ‘जपान मूव्हमेंट’ यांचा नेमका अर्थ काय?

‘स्विस मेड’ला कायद्याचा आधार आहे. १ जानेवारी २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. यंत्रणा स्विस असावी, ती तिथेच केसमध्ये बसवलेली असावी आणि अंतिम तपासणीही तिथेच झालेली असावी. याचा दुसरा अर्थ असा की ४० टक्क्यांपर्यंतचा भाग बाहेरचा असू शकतो. ‘जपान मूव्हमेंट’ एवढेच सांगते की आतली यंत्रणा जपानी आहे. केस, तबकडी, पट्टा आणि जोडणी कुठलीही असू शकते. दोन्ही शिक्के दर्जाची हमी नाहीत.

कपड्यांच्या आणि फॅशनच्या ब्रँडची घड्याळे का टाळावीत?

सर्वच वाईट नसतात, पण त्यांची किंमत आणि आतला ऐवज यांचा मेळ क्वचितच बसतो. मोठ्या नावाच्या, जाडजूड डब्यातल्या घड्याळात अनेकदा अगदी प्राथमिक क्वार्ट्झ यंत्रणा असते. बाहेरून कीर्तन, आतून तमाशा. ओळखायची एक सोपी खूण अशी की वर्णनात यंत्रणेचे नाव, काचेचा प्रकार आणि पाण्याचा आकडा या तीन गोष्टी सापडत नाहीत, मात्र शैली, वारसा आणि व्यक्तिमत्त्व यांवर परिच्छेदच्या परिच्छेद असतात. दुसरी खूण म्हणजे छापील किंमत कायम खोडलेली आणि सवलत कायम चालू. तिसरी म्हणजे नुसत्या शोभेच्या, न फिरणाऱ्या छोट्या तबकड्या. त्या पाहिल्या की पुढे काहीच पाहायची गरज उरत नाही.

एखाद्या प्रसिद्ध घड्याळासारखे दिसणारे घड्याळ घेणे गैर आहे का?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. दुसऱ्याचे नाव व चिन्ह छापलेली नक्कल ही फसवणूक आहे. ती संग्रहात नसावी आणि भेट म्हणून तर मुळीच देऊ नये. स्वतःच्या नावाने विकले जाणारे, पण घाट एखाद्या नामांकित घड्याळाचा असलेले घड्याळ, ज्याला जाणकार ‘होमाज’ म्हणतात, ते बेकायदा नसते आणि त्यात अनेकदा चांगली यंत्रणाही असते. माझी हरकत नैतिक नाही, व्यावहारिक आहे: अशा घड्याळाकडे पाहताना मन मूळ घड्याळाशीच तुलना करत राहते, आणि काही महिन्यांत ते कपाटात जाते. त्याच पैशांत निर्मात्याची स्वतःची कल्पना असलेले घड्याळ मिळत असेल तर ते घ्यावे.

सुरुवात कोणत्या घड्याळांपासून करावी?

एकच नाव मागितले तर मी कॅसिओचे ‘एफ-९१डब्ल्यू’ सांगेन. १९८९ पासून ते जवळपास जसेच्या तसे बनते आहे, एक सेल सुमारे सात वर्षे टिकतो, वजन अवघे २१ ग्रॅम, आणि त्यातली काटकसर लपवलेली नाही: दिवा अंधूक आहे आणि पट्टा साध्या रेझिनचा. त्यापुढे दणकटपणा हवा असेल तर चौकोनी जी-शॉक. किकुओ इबे यांच्या चमूने १९८३ मध्ये आणलेल्या या घड्याळात मूळ यंत्रणा पोकळ केसमध्ये जवळजवळ तरंगती ठेवलेली असते, म्हणून धक्का तिच्यापर्यंत पोहोचता पोहोचता विरून जातो. काट्यांचे, वाचायला सोपे आणि अंधारात उजळणारे हवे असेल तर टाइमेक्सची साधी क्वार्ट्झ घड्याळे चांगली आहेत. त्यांची टिकटिक मात्र शांत खोलीत ऐकू येते, झोप हलकी असणाऱ्यांनी उशाशी ठेवू नये. पहिले ऑटोमॅटिक म्हणून सेइको ५ किंवा ओरिएंट यांपैकी जे मनगटाला शोभेल ते घ्यावे.

जुनी, वापरलेली घड्याळे घेताना काय पाहावे?

आधी तबकडी. जुन्या घड्याळात सर्वाधिक फसवणूक तिथेच होते, कारण डागाळलेली तबकडी पुन्हा रंगवून घड्याळ नव्यासारखे करणे सोपे असते. भिंगाखाली अक्षरे जाड, वाकडी किंवा कडेला पसरलेली दिसली, खुणा आणि मिनिटांच्या रेषा एका ओळीत नसल्या, किंवा मूळ निर्मात्याने कधीच न वापरलेले भडक रंग आढळले, तर ती पुन्हा रंगवलेली समजावी. त्यानंतर काटे: मिनिटकाटा मिनिटांच्या पट्टीपर्यंत पोहोचला पाहिजे, आखूड असेल तर दुसऱ्याच घड्याळाचा आहे. पन्नास वर्षांच्या घड्याळाची सगळी अंगे सारखीच म्हातारी दिसायला हवीत. केस झिजलेली आणि तबकडी कोरी करकरीत, हे लक्षण चांगले नाही.

सेइकोच्या अनेक घड्याळांत मागील झाकणावरील अनुक्रमांक जन्मपत्रिकेचे काम करतो. पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरे स्थान महिन्याचे; १ ते ९ नंतर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांसाठी ओ, एन आणि डी ही अक्षरे येतात. दशक मात्र आपणच ठरवायचे असते. ‘७एस२६’ यंत्रणेच्या घड्याळाचा क्रमांक ७४ ने सुरू होत असेल तर ते एप्रिल १९९७, २००७ किंवा २०१७ यांपैकी एखाद्या वर्षीचे; १९८७ चे असणे शक्य नाही, कारण तेव्हा ती यंत्रणाच नव्हती. विक्रेता त्याला ‘ऐंशीच्या दशकातले’ म्हणत असेल तर तिथेच थांबावे.

विसाव्या शतकाच्या साठच्या दशकापर्यंतच्या काही घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा चमकणारा रंग असे. आज ती चमक गेलेली असते, कारण चमकणारा पदार्थ थकतो. पण रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे, म्हणून किरणोत्सर्ग गेलेला नसतो. असे घड्याळ घरी उघडू नये आणि तो रंग कधीही खरवडू नये, कारण खरा धोका धूळ श्वासावाटे आत जाण्याचा आहे.

संग्रह म्हणायला किती घड्याळे लागतात, आणि तो कसा वाढवावा?

दोनही पुरतात. संग्रह आणि साठा यांत फरक असतो तो धाग्याचा: एकच निर्माता, एकच दशक, एकच यंत्रणा वेगवेगळ्या केसमध्ये, फक्त डिजिटल, फक्त पांढऱ्या तबकड्या, काहीही चालेल, पण प्रत्येक घड्याळ तिथे का आहे हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. मला हे उशिरा कळले. एका वर्षाच्या शेवटी माझ्याकडे काळ्या तबकडीची, फिरत्या कड्याची चार घड्याळे जमली होती. प्रत्येक घेताना ते आधीच्यापेक्षा किती वेगळे आहे हे मी स्वतःला पटवून दिले होते, आणि चारही शेजारी ठेवल्यावर घरातल्या कुणालाही फरक सांगता आला नाही.

‘तीन स्वस्त घेऊ की पैसे साठवून एक चांगले’ हा प्रश्न इथे हमखास येतो. माझे मत असे की सुरुवातीला तीन स्वस्त घ्यावीत, एकमेकांपासून शक्य तितकी निराळी: एक डिजिटल, एक साधे काट्यांचे क्वार्ट्झ, एक ऑटोमॅटिक. सहा महिने ती आलटूनपालटून वापरल्यावर हात आपोआप कुठे जातो ते कळते. त्यानंतर मात्र चौथे-पाचवे स्वस्त घेत न बसता साठवावे, कारण आता आपल्याला काय आवडते ते ठाऊक झालेले असते.

एक वही ठेवावी. तीत खरेदीची तारीख, यंत्रणा, पट्ट्याची रुंदी, सेल कधी बदलला आणि घड्याळ रोज किती चुकते हे लिहावे. शेवटच्या रकान्यात ते महिन्यातून किती दिवस घातले ते लिहिले की सत्य फार लवकर समोर येते. नवे घड्याळ आवडले तर त्याचे नाव वहीत लिहून तीस दिवस थांबावे. निम्मी नावे तोवर आपणच खोडतो. सहा कप्प्यांची पेटी घ्यावी आणि सातवे आले तर एक कुणाला तरी द्यावे, हा नियमही कामाचा आहे, फक्त पुढच्या वर्षी बारा कप्प्यांची पेटी घेऊ नये.

ऑटोमॅटिक फिरते ठेवणारे वाइंडर यंत्र घ्यावे का?

गरज नाही. थांबलेले घड्याळ खराब होत नाही. वापरताना चावी देऊन वेळ लावावी. वाइंडरच्या पैशांत आणखी एक घड्याळ येते.

तारीख लावताना आणि सेल संपल्यावर कोणती काळजी घ्यावी?

रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारीख झटपट बदलू नये, कारण तेव्हा तारखेचे चाक आतल्या दात्यांत गुंतलेले असते आणि जबरदस्तीने दाता तुटू शकतो. आधी काटे सहाच्या आसपास आणावेत, मग तारीख लावावी. काट्यांच्या अनेक क्वार्ट्झ घड्याळांत सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागला की सेल संपत आल्याची ती सूचना असते. मेलेला सेल आत राहू देऊ नये. तो पाझरला तर यंत्रणा जाते. बदलताना अल्कलाइनऐवजी सिल्व्हर ऑक्साइडचा सेल मागावा, तो थोडा महाग असला तरी विद्युतदाब शेवटपर्यंत स्थिर ठेवतो आणि कमी पाझरतो.

स्वस्त घड्याळाची सर्व्हिसिंग करणे परवडते का?

पुष्कळदा नाही, आणि हे खरेदीच्या वेळीच ठाऊक असावे. पूर्ण यंत्रणा उघडून, धुऊन, तेल घालून जुळवण्याची मजुरी घड्याळाच्या किमतीशी स्पर्धा करते. ‘एनएच३५’सारख्या यंत्रणांबाबत संपूर्ण नवी यंत्रणा घालणे अनेकदा स्वस्त पडते, आणि ही यंत्रणा इतकी प्रचलित असण्याचे तेही एक कारण आहे. काही घड्याळे तर दुरुस्तीसाठी बनवलेलीच नसतात. १९८३ च्या स्वॉचमध्ये केवळ ५१ भाग होते आणि केसचा तळ हाच यंत्रणेचा पाया होता. २०१३ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘सिस्टेम५१’ या ऑटोमॅटिकमध्येही ५१च भाग आहेत, पूर्ण चावीवर ते ९० तास चालते, पण बंद पडल्यास उघडून दुरुस्त करता येत नाही. जे घड्याळ भावनिक मोलाचे आहे, त्याच्या सर्व्हिसिंगचा हिशेब अर्थातच वेगळा.

यांची किंमत पुढे वाढेल का? डबा आणि चेनचे काढलेले दुवे जपून ठेवावेत का?

किंमत वाढेल या आशेने या वर्गात काहीही घेऊ नये. ‘एसकेएक्स००७’चे उत्पादन थांबल्यावर त्याचे भाव चढले हे खरे, पण त्याच काळात बंद झालेल्या असंख्य घड्याळांना आज कुणी विचारत नाही. डबा, पुस्तिका आणि पावती मात्र ठेवावी, कारण विकताना घेणारा तेच आधी मागतो. काढलेले दुवे तर नक्कीच ठेवावेत, एका छोट्या पाकिटात घालून, पाकिटावर घड्याळाचे नाव लिहून. मनगटाचा घेर उन्हाळ्यात वाढतो, वयाबरोबरही बदलतो, आणि वर्षभर डब्याच्या तळाशी लोळणारा निनावी दुवा कोणत्या चेनचा होता हे नंतर कुणालाच आठवत नाही.